मोजलं की वाढतं

देह-पीरमुराद गावात उन्हाळ्यातल्या वाऱ्याला कुणी वारा म्हणत नाही. 'पाहुणा आला' म्हणतात. चांगला चार महिने मुक्काम ठोकतो, दिवसरात्र दारं वाजवतो आणि कुणी बसा म्हटलं नाही तरी घरात येऊन बसतो. हामून सरोवर भरलेलं होतं तेव्हा हा पाहुणा पाण्यावरून यायचा. अंगणात झोपलेल्या माणसांना पहाटे पांघरूण ओढून घ्यावं लागायचं. मग वरच्या अंगाला धरणं झाली, पाऊस रुसला, सरोवर आटलं, आणि तोच वारा सरोवराचा तळ खरवडून गावात आणून टाकायला लागला. पिठात धूळ, चहात धूळ, नमाजाच्या चटईवर धूळ. मासेमारी बुडाली तसे गावातले धडधाकट पुरुष उत्तरेला गुरगानच्या शेतांवर मजुरीला गेले. ताजमाहचा नवरा संजर त्यांतलाच एक. मागे राहिल्या बायका, म्हातारी माणसं, पोरं आणि ताजमाहचं यंत्र.

यंत्र म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. जुन्या मासळीगोदामाच्या छतावर एक नळकांडं उभं होतं, त्याच्या डोक्यावर टोपी, आणि खाली पेटीत एक पंप. पंप हवा ओढायचा आणि हवेतली धूळ एका गोल पांढऱ्या फिल्टरवर बसायची. एका दिवसाला एक फिल्टर. दुपारची बांग झाली की ताजमाह जिना चढून जुना फिल्टर चिमट्याने काढायची, डबीत घालायची, नवा बसवायची. राजधानीतल्या प्रयोगशाळेत त्या डब्या जायच्या, तिथे वजन व्हायचं. बारा वर्षं हे चाललं होतं. ज़ाबोल शहरातल्या कॉलेजात ताजमाह रसायनशास्त्र शिकली होती आणि शिकलेल्या मुलींना त्या भागात जी एकुलती एक नोकरी मिळाली ती तिला मिळाली होती. गावातल्या बायका म्हणायच्या, ताजमाहला धूळ खायचा पगार मिळतो, आम्ही फुकट खातो.

गोदामाची भिंत आणि ताजमाहच्या घराची भिंत एकच होती. घरात ती, तिची सात वर्षांची मुलगी सनोबर आणि सासू गुलअंदाम. सासूला सगळं गाव बीबी म्हणायचं. बीबी यंत्रावर पहिल्या दिवसापासून नाराज.

"मोजलं की वाढतं, पोरी," ती म्हणायची. "पोरं मोजू नयेत, ताटातल्या भाकऱ्या मोजू नयेत, दुःख तर मुळीच मोजू नये. तू रोज वर जाऊन मोजतेस आणि ती रोज वाढते."

"बीबी, मी मोजते म्हणून नाही वाढत. वाढते म्हणून मोजते."

"तेच म्हणते मी," बीबी म्हणायची आणि विषय तिच्यापुरता संपायचा.

सनोबरची छाती तिच्या जन्मापासून नाजूक. धूळ फार दाटली की पोरीचा श्वास शिट्टी वाजवायला लागे, ओठ निळसर पडत. गावात दवाखाना नाही. मग गावचा कारभारी खुदारहम आपली पिकअप काढायचा. ओल्या फडक्यात तोंड गुंडाळलेल्या पोरीला मांडीवर घेऊन ताजमाह ज़ाबोलच्या इस्पितळाकडे निघायची. धुळीत रस्ता दिसत नसे. खुदारहम खिडकीतून डोकं बाहेर काढून कडेचे दगड बघत गाडी हाके. एका खेपेला पोरगी वाटेत अशी काही गप्प झाली की ताजमाह तिच्या नाकाशी गाल धरून बसली होती.

म्हणून या वर्षीच्या यादीकडे तिचे डोळे लागले होते. सरकार ठरवणार होतं, की ज्या गावांची धुळीची अनेक वर्षांची सरासरी एका रेषेच्या वर आहे, तिथे छोटा दवाखाना आणि प्राणवायूची सोय करायची. देह-पीरमुरादची सरासरी रेषेच्या वर होती. फार वर नाही, पण वर. प्राणवायूची नळकांडी आपल्याच गल्लीत, हाकेच्या अंतरावर. ताजमाह मनातल्या मनात ती कुठल्या खोलीत ठेवतील इथपर्यंत पोचली होती.

"फार वर नाही म्हणतेस, तर एक चिमूट टाक ना," खुदारहमने तिला सुचवून बघितलं होतं. "कोण बघतंय? आजवर सरकारने आपल्या डोळ्यांत धूळ फेकली, आता आपण त्यांच्या फेकू. तीही आपल्याच गावची, अस्सल."

"खुदारहमभाऊ, तुमची गाडी गोदामाखाली लावता ती आधी काढा. तिचा धूर वर जातो."

"बघा, चिमूटभर मातीला नाही म्हणते आणि गाडीच्या धुराचाही हिशेब मागते. तुझ्या आईने तुला दूध पाजलं की चुना?" पण गाडी त्याने काढली. समोरच्या शहरबानूने तंदूर देखील हलवला, महिनाभर तोंड वाकडं करून का होईना. यंत्राच्या आसपास चूल पेटलेली ताजमाहला खपत नसे. तिच्या या खाक्यामुळे गावात तिला पाठीमागे 'यंत्राची सासू' म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं.

अशा बाईला राजधानीतून फोन आला की तुमच्या काही फिल्टरांवर काजळी सापडली आहे.

फोनवर दादफर होते. देशभरच्या अशा यंत्रांचे आकडे तेच तपासायचे. बारा वर्षांत दोनदा येऊन गेले होते, आवाज ओळखीचा, मऊ. "यादीसाठी सगळ्या वर्षांचे फिल्टर पुन्हा तपासले, ताजमाह खानम. काजळी रोज नाही. अधूनमधून एखादा दिवस. पण काजळी लाकडाकोळशाची आहे, आणि जवळची वाटते. दूरच्या शेतातला धूर असेल तर हरकत नाही, तो हवेचाच भाग. यंत्राशेजारची आग असेल तर मात्र तो फिल्टर बाद करावा लागतो. नियम तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. माझ्या यंत्राशेजारी आग नसते," ताजमाह म्हणाली. आवाज जरा चढलाच.

"मला खात्री आहे. तरी येऊन जातो. यादी बंद होण्याआधी."

दादफर आले तो दिवस सकाळी बरा होता. बीबीने पाहुण्यासाठी कुलूचे, खजुराची गोड बिस्किटं, भाजले होते, खजूर काढले होते. तिने चार वेळा आग्रह केला, त्यांनी तीन वेळा नको म्हटलं आणि चौथ्यांदा घेतलं. रीतीप्रमाणे सगळं झालं. खिडकीला लावलेल्या काटेरी झुडपांच्या ताटीवर सनोबर पाणी शिंपडत होती आणि पाहुण्याच्या चष्म्याकडे टक लावून बघत होती.

दादफरनी गल्लीत फिरून प्रत्येक चूल पाहिली, शहरबानूचा हलवलेला तंदूर पाहिला, छतावर जाऊन पंप उघडला, बंद केला. "इतकं नीट ठेवलेलं यंत्र मी कुठे बघितलं नाही," ते खाली येऊन म्हणाले. "शेतातलाच धूर असणार. तसं लिहून टाकतो. सगळे दिवस जमेत राहतील."

ताजमाहचा जीव भांड्यात पडला. तिने चहा पुन्हा ओतला.

तेवढ्यात वारा वाढला. उत्तरेकडून पिवळी भिंत उठली आणि बघता बघता खोलीत दिवा लावावा लागला. झुडपांची ताटी ओली असूनही धूळ आत यायला लागली. सनोबर कोपऱ्यात जाऊन बसली. तिच्या बसण्यावरूनच ताजमाहला कळलं. गुडघे छातीशी, खांदे वर. मग ती शिट्टी सुरू झाली.

"खुदारहमला हाक मारते," ताजमाह उठली. दादफरही उठले, माझी गाडी आहे, माझी घ्या म्हणाले. पण दारातून बघितलं तर अंगणातली विहीरही दिसत नव्हती. पाच मिनिटं थांबू, थोडं उघडू दे, असं ठरलं. या पाच मिनिटांतच बीबी स्वयंपाकघरातून आली. हातात लांब दांड्याचं छोटं धुपाटणं, त्यात निखारे. दुसऱ्या मुठीत इस्फंदाचे, नजर उतरवायला जाळतात ते काळे दाणे.

तिने दाणे पोरीच्या डोक्यावरून फिरवले. घरच्याची, दारच्याची, आल्यागेल्याची, शनिवारी जन्मलेल्याची, रविवारी जन्मलेल्याची, असं पुटपुटत निखाऱ्यावर टाकले. दाणे तडतडले. कडवट धूर उठला. मग पाहुणा म्हणून दादफरच्याही डोक्यावरून एक फेरा काढला. ते बिचारे डोकं झुकवून उभे राहिले. त्यांच्या घरी आजी हेच करत असणार, दुसरं काय.

यात नवल काही नव्हतं. इस्फंद कुठल्या घरात जाळत नाहीत. बंद खोलीत चिमूटभर धूर झाला आणि विरला. ताजमाहने पोरीला धुरापासून बाजूला ओढून घेतलं, इतकंच.

बीबी मात्र तिथे थांबली नाही. तिने डोक्यावरची चादर तोंडाला घट्ट गुंडाळली, मूठभर दाणे आणखी टाकले, धुपाटणं चादरीच्या पदराआड धरलं आणि मागच्या दाराने गोदामाच्या जिन्याकडे निघाली.

"बीबी, कुठे?"

"वर. तो एकटाच आहे ना."

ताजमाहने पोरगी दादफरच्या हातात दिली आणि धावली. जिन्यावर वाऱ्याने तिला दोनदा भिंतीवर आदळलं. वर गेली तर म्हातारी नळकांड्याला एका हाताने कवटाळून उभी, आणि दुसऱ्या हाताने धुपाटणं त्याच्या टोपीभोवती फिरवतेय. एक फेरा, दुसरा, तिसरा. पंप घरघरत होता आणि धूर सरळ आत ओढला जात होता.

ताजमाह म्हातारीला हाताला धरून खाली घेऊन आली. बीबी धापा टाकत होती, पण खुशीत होती. "किती ओढतो बघितलंस? सगळा ओढून घेतो. पोरीपेक्षा शहाणा."

दादफर मागच्या दारात उभे होते. कडेवर सनोबर. जिना तिथून दोनच पावलांवर, धुळीतही दिसतो.

"बीबी," त्यांनी हळूच विचारलं, "हे नेहमी करता?"

"नेहमी कशाला? रोज रोज इस्फंद काय झाडाला लागतं? पोरीला जास्त होतं त्या दिवशी. ही तिला घेऊन ज़ाबोलला जाते, मी एकटी घरात बसून काय करू? पोरीची काढते आणि मग त्याची काढते. तोही श्वासच घेतो ना दिवसभर? आणि ही रोज त्याला मोजते. नजर लागणार नाही तर काय? आता सात वर्षं झाली, पोरीच्या पहिल्या दुखण्यापासून. एकदाही चुकवलं नाही," बीबी म्हणाली. तिला वाटलं, साहेब कौतुकानेच विचारतायत.

अर्ध्या तासाने आकाश जरा उघडलं. दादफरच्याच गाडीतून ते ज़ाबोलला गेले. पोरीच्या नाकावर प्राणवायूचा मुखवटा चढला, तिच्या गालावर रंग आला, आणि मग ते दोघं इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसले. दादफरनी लॅपटॉप उघडला. ताजमाहने न विचारताच तारखा सांगायला सुरुवात केली. पोरीच्या दुखण्याच्या तारखा कुठल्या आईला पाठ नसतात? ती एकेक तारीख सांगे, ते यादीत बघत. काजळी. काजळी. काजळी. एकही चुकली नाही. म्हातारी खरंच बोलली होती.

"दादफरसाहेब," ताजमाह म्हणाली, "हे दिवस बाद केले तर काय होईल?"

त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिने पडद्याकडे बघितलं आणि तिला उलगडलं. पोरगी कधी घुसमटायची? धूळ सगळ्यात जास्त असेल तेव्हा. म्हातारी धूप कधी जाळायची? पोरगी घुसमटली की. म्हणजे काळे ठरलेले फिल्टर म्हणजे सात वर्षांतले सगळ्यात वाईट दिवस, निवडून निवडून वेचलेले. ते काढले की उरतात बरे दिवस. बऱ्या दिवसांची सरासरी बरीच येणार.

"पण धूळ तर खरी होती," ती म्हणाली. "धूर असून असून किती असेल? चिमूटभर. बाकी सगळी धूळ होती. माझी पोरगी त्याच धुळीने इथे आली ना दर वेळी? ते रजिस्टर आहे की या इस्पितळात."

"मला माहीत आहे."

"मग धूर वजा करा. धूळ ठेवा."

"किती वजा करू? ते फिल्टर तपासणीत विरघळवले, ताजमाह खानम. आता फक्त एक वजन उरलंय, दोन्हींचं मिळून. आणि नियम वजन विचारत नाही. तो विचारतो, यंत्राशेजारी आग होती का? हो की नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. धूळ नुसती इकडची तिकडे झाली. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "मी सकाळी शेतातला धूर म्हटलं होतं. अजून ते पुसलेलं नाही. दुपारी धूळ फार होती, मला जिना काही नीट दिसला नाही. तुम्ही सांगाल तसं."

चांगला माणूस होता, म्हणून तर जास्त कठीण झालं. दरडावून विचारलं असतं तर ताजमाहने त्याच्या तोंडावर खोटं फेकलं असतं आणि तिला झोपही लागली असती. दाराच्या फटीतून तिला पोरीचे पाय दिसत होते. एका पायात मोजा होता, दुसरा घाईत घरीच राहिला होता. 'शेतातला धूर' म्हणायचं, दोनच शब्द. कुणाचं काही वाईट नाही. धूळ खरी, पोरगी खरी, आजार खरा. खोटी काय ती एक ओळ.

पण मग खुदारहमची चिमूट काय वाईट होती? तीही खऱ्या गावाची खरी धूळ होती. त्याला ती नाही म्हणाली ती कशाच्या जोरावर? वरच्या ऑफिसातले लोक या भागाबद्दल काय बोलतात ते तिने ऐकलं होतं. तिकडचे लोक रडतात फार, धूळ पूर्वीही होती, आकडे फुगवतात. त्यांच्यापुढे ठेवायला गावाकडे एकच गोष्ट होती, की ताजमाहच्या फिल्टरवर जे आहे ते हवेत होतं. आज ते मोडलं तर सनोबरला प्राणवायू मिळेल. उद्या कुणी ती ओळ उकरून काढली, तर बाराच्या बारा वर्षं कचऱ्यात जातील, आणि शहरबानूच्या नातवाला, खुदारहमच्या खोकणाऱ्या बापाला, कुणालाच काही दाखवायला उरणार नाही.

"आग होती," ती म्हणाली. "लिहा."

खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. ताजमाहला तसं काहीही झालं नाही. तिला दादफरचा राग आला, बीबीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. खोलीत जाऊन तिने पोरीचा उघडा पाय हातात धरला आणि मनातल्या मनात तिची माफी मागितली.

घरी आल्यावर तिने सासूला एवढंच सांगितलं, की बीबी, यापुढे इस्फंद खाली जाळा, वर नको.

"का? साहेबाला वास आवडला नाही?"

"यंत्राला सोसत नाही."

"सात वर्षं सोसला आणि आता सोसत नाही," बीबी फणकारली. पण पुढे छतावर गेली नाही. नातवंडापेक्षा यंत्र नाजूक निघालं, असं मात्र येईल त्याला सांगत राहिली.

यादी आली ती वारा पडल्यावर, डाळिंबं उतरायच्या दिवसांत. नानवाईच्या दुकानापुढे रोट्यांसाठी रांग होती, तिथे खुदारहमने फोनवर ती उघडली आणि वरून खाली, खालून वर वाचली. दवाखाना मिळालेल्या गावांत देह-पीरमुराद नव्हतं. ते दुसऱ्या पानावर होतं, 'हवेत सुधारणा झालेली गावं' या मथळ्याखाली.

"मुबारक असो, बहीण," तो ताजमाहला म्हणाला. "आपली हवा सुधारली. फुप्फुसांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही." रांगेत कुणी हसलं नाही. शहरबानूने आपल्या रोट्या घेतल्या आणि ताजमाहच्या अंगावरून न बोलता निघून गेली. काय घडलं ते ताजमाहने खुदारहमला आधीच सांगितलं होतं, बीबीचं नाव तेवढं वगळून. माझ्या हातून धूर गेला, म्हणाली होती. त्याने ते खरं धरलं की नाही, देव जाणे.

ती घरी आली तेव्हा बीबी अंगणात कश्काचे, दह्यात कालवलेल्या गव्हाचे, पिवळे गोळे उन्हात मांडत होती. सनोबर शेजारी बसून ते चोरून खात होती. बातमी ताजमाहच्या आधी पोचली होती. गावात बातमीला पाय लागत नाहीत.

"ऐकलं मी," बीबी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "सरकारने लिहून दिलंय म्हणे, हवा सुधारली. खरं का?"

"तसं लिहिलंय."

"वाईट दिवस गेले म्हणतात."

ताजमाहच्या हातातल्या रोट्या गार होत चालल्या होत्या.

"तुला नेहमी वाटायचं, म्हातारी वेडी आहे, उगीच धूप जाळते." बीबीने हात पदराला पुसले आणि नातीला जवळ ओढलं. "सात वर्षं मी त्या जिन्यावर गुडघे फोडले, पोरी. वारा मला उडवून नेईल असं वाटायचं, तरी गेले. ते सगळे वाईट दिवस मी एकटीने घालवले. हो की नाही?"

सनोबर आईकडे बघत होती. तिच्या ओठाला कश्क लागलं होतं आणि श्वास आज साफ चालला होता.

"हो, बीबी," ताजमाह म्हणाली. "एकूण एक तुम्हीच घालवलेत."